माईमचा आवाज बंद करून पाहा : युवक महोत्सवांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विद्यार्थी विकास मंडळांचे संचालक,
युवक महोत्सवांचे संयोजक आणि मूकाभिनय स्पर्धेचे परीक्षक यांस,

विषय : मूकाभिनय (माईम) स्पर्धेतील ध्वनिमुद्रित ट्रॅक आणि गुणांकनाचे निकष

सप्रेम नमस्कार.

युवक महोत्सवाच्या नाट्यविभागात एकांकिका, प्रहसन, नक्कल आणि मूकाभिनय या स्पर्धा एकाच छताखाली होतात. मी महाविद्यालयीन संघांचे मूकाभिनय बसवत आलो आहे आणि अधूनमधून परीक्षकाच्या खुर्चीतही बसलो आहे. या दोन्ही जागांवरून जे दिसते त्याबद्दल एक तक्रार आणि काही मागण्या आपल्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तक्रार अशी की आपल्या स्पर्धांतल्या मूकाभिनयाची गोष्ट आता शरीर सांगत नाही, ती ध्वनिमुद्रित ट्रॅक सांगतो, आणि आपले निकष या प्रकाराला आळा घालण्याऐवजी त्यालाच बक्षीस देतात.

आपल्यापैकी ज्यांनी अलीकडे एखादी झोनल फेरी पूर्ण वेळ बसून पाहिली असेल त्यांना पुढचे वर्णन ओळखीचे वाटेल. काळे कपडे आणि पांढरे चेहरे केलेली सहा मुले उभी असतात. स्पीकरमधून तान्ह्या बाळाचे रडणे ऐकू येते, म्हणजे जन्म झाला असे आपण समजायचे. शाळेची घंटा वाजते, म्हणजे बालपण आले. मोटारसायकल, ब्रेकचा कर्कश आवाज, काच फुटणे, रुग्णवाहिकेचा भोंगा, छातीचे ठोके आणि शेवटी रुग्णालयातल्या यंत्राचा लांबत जाणारा सूर, एवढ्यात एक आयुष्य संपते. विषय शेतकऱ्याचा असेल तर मध्ये बातमीदाराचा आवाज येतो, सैनिकाचा असेल तर गोळीबार आणि त्यामागोमाग देशभक्तीचे गाणे. सहा शरीरे त्या आवाजांना चित्रे पुरवत राहतात. डोळे मिटून बसलेल्या माणसाला ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कळते. कानात बोटे घालून बसलेल्याला मात्र ती मुले पळत का आहेत आणि पडली कशामुळे, हे समजायला मार्ग नसतो.

विषयांबद्दल माझी तक्रार नाही. स्त्रीभ्रूणहत्या, कर्जबाजारी शेतकरी, मोबाइलचे व्यसन या गोष्टी मुलांना अस्वस्थ करतात म्हणून ती त्या घेतात, आणि त्यांनी त्या घ्याव्यातच. त्या विषयांवर त्यांच्या हातापायांना, पाठीला, मानेला काही सांगायचे आहे का, हे विचारायला कोणी थांबत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

याचे कारण मुलांच्या आळसात शोधू नये. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवाच्या नियमांनुसार मूकाभिनयाच्या संघात जास्तीत जास्त 6 कलाकार असतात, वेळेची मर्यादा 5 मिनिटांची असते आणि कल्पना, सादरीकरणातील सर्जनशीलता, रंगभूषेचा वापर, संगीत आणि एकंदर परिणाम यांसारख्या बाबींवरून गुण दिले जातात. आपल्या विद्यापीठीय फेऱ्या आणि राज्यस्तरीय इंद्रधनुष्य महोत्सव हेही साधारणपणे याच वळणाने चालतात. ही यादी आपण पुन्हा एकदा सावकाश वाचावी अशी विनंती आहे. तिच्यात रंगभूषेचा स्वतंत्र उल्लेख आहे, संगीताचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि ज्याच्याशिवाय हा कलाप्रकार उभाच राहू शकत नाही त्या शरीराचा उल्लेख कोठेच नाही. तालमीला आठ-पंधरा दिवस मिळालेला दिग्दर्शक हुशार असेल तर तो काय करील हे उघड आहे. ज्याला गुण आहेत तेथे तो वेळ घालतो. संघ स्टुडिओत जाऊन ट्रॅक कापून घेतो, रंगाच्या डब्या आणतो, आणि हालचाली त्या ट्रॅकवर शेवटच्या आठवड्यात बसवल्या जातात.

पांढऱ्या चेहऱ्याचाच विचार करू. मूकाभिनय म्हणजे पांढरा चेहरा, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे, इतकी की चेहरा न रंगवता आलेल्या संघाला ‘तयारी कमी पडली’ असे परीक्षकांनीच सुनावलेले मी ऐकले आहे. हा चेहरा आला एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमधून. तेथल्या फ्युनांब्युल नावाच्या रंगमंदिरात जाँ-गास्पार दब्युरो (1796–1846) हा नट पिएरो नावाचे पात्र करीत असे, आणि चेहरा पिठाने पांढरा करण्याची फ्रेंच फार्समधली रीत त्याच्याही आधीची होती. त्या रंगमंदिराला सरकारी परवाना होता तो कसरतींचा आणि मूकनाट्याचा. संवाद म्हणण्याची मुभा मोजक्या मान्यताप्राप्त रंगमंदिरांनाच होती. म्हणजे तेथले मौन आधी सरकारी हुकमातून आले आणि दब्युरोने त्याचे सामर्थ्य बनवले. (आपल्याकडे सेन्सॉरने कापलेल्या संवादांच्या जागी नटांनी काय काय केले याचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा, पण तो वेगळा विषय झाला.) त्या पात्राला पांढरा चेहरा शोभत होता, कारण ते त्याचे पात्र होते. कर्जबाजारी शेतकऱ्याने, बसमधल्या कंडक्टरने आणि नवजात मुलीने तोच चेहरा का लावावा, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

विसाव्या शतकात ज्याने मूकाभिनयाला नवे शास्त्र दिले त्या एतियेन दक्रूने (1898–1991) तर उलट दिशा धरली. जाक कोपो यांच्या पॅरिसमधल्या नाट्यशाळेत चेहरा झाकून शरीराचा सराव होत असे. तेथे शिकलेल्या दक्रूने पुढे आयुष्यभर याच वाटेने काम केले. त्याच्या शिकवणीत धड पहिले, हात त्यानंतर आणि चेहरा सर्वांत शेवटी. चेहरा फार बोलका असतो, तो सगळे काम स्वतःकडे ओढून घेतो आणि मग पाठ आळशी होते, असा त्यामागचा विचार आहे. जाक लकॉक यांनी 1956 मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या शाळेतही विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर आधी भावशून्य मुखवटा चढतो आणि मग त्याला चालायला, वळायला, समुद्राकडे पाहायला सांगितले जाते. मुखवट्याआड लपता येत नाही, हे पहिल्या तासातच कळते. चोरटे पाऊल, उगाच हलणारा खांदा, अर्धवट सोडलेली नजर, सगळे उघडे पडते.

दक्रूचाच विद्यार्थी मार्सेल मार्सो (1923–2007). 1947 मध्ये त्याने बिप हे पात्र जन्माला घातले आणि पांढरा चेहरा जगभर पोचवला, त्यामुळे माझ्या म्हणण्याला पहिला प्रतिवाद त्याच्याच नावाने होईल. म्हणून त्याच्या प्रयोगातलेच उदाहरण देतो. मुखवटे तयार करणाऱ्या कारागिराची त्याची एक रचना आहे. कारागीर एकामागून एक मुखवटे चढवतो आणि उतरवतो, रडका, हसरा, रडका, हसरा, आणि मुखवटा खरा कोठेच नसतो, मार्सोचा स्वतःचाच चेहरा क्षणात बदलत असतो. मग हसरा मुखवटा चेहऱ्यावर अडकतो, निघतच नाही. यापुढे चेहरा हसतच राहतो आणि त्याच्याखाली शरीर घाबरते, झगडते, थकते, हताश होते. प्रेक्षकाला त्या माणसाची अवस्था कळते ती मानेच्या शिरांवरून, कोपरांवरून, वाकत गेलेल्या कण्यावरून. चेहऱ्याचा सर्वांत प्रसिद्ध नट चेहरा बंद करून गोष्ट सांगतो, हे आपल्या रंगभूषेच्या गुणांशेजारी ठेवून पाहावे. त्याच्या प्रयोगात रचनेचे नावसुद्धा कोणी उच्चारून सांगत नसे. पिएर व्हेरी हा त्याचा सहकारी हातात फलक धरून स्थिर उभा राहत असे आणि तेवढ्याने सुरुवात होत असे.

आता प्रत्यक्ष शरीर काय करते याकडे वळतो, कारण निकष बदला असे म्हणताना कशाला गुण द्यायचे हे सांगण्याची जबाबदारी माझ्यावर येते.

मूकाभिनयात नसलेली वस्तू दाखवायची असते आणि ती दिसते तिच्या वजनामुळे. भरलेली कळशी उजव्या हाताने उचलणाऱ्या माणसाच्या फक्त उजव्या हाताकडे पाहिले तर काहीच कळत नाही. त्याचा उजवा खांदा खाली ओढला जातो, कंबर डावीकडे जाते, डावा हात अंगापासून दूर होतो, उचलण्याच्या क्षणी श्वास अडतो आणि पहिले पाऊल नेहमीपेक्षा आखूड पडते. या पाच गोष्टींपैकी तीन जरी खऱ्या असतील तरी कळशी दिसते. आपल्या स्पर्धांत मुले मूठ वळतात, हात वर नेतात आणि चेहऱ्यावर कष्ट दाखवतात. कळशी रिकामी आहे की भरलेली, घासलेट आहे की पाणी, काही समजत नाही. दोर ओढण्याचेही तसेच. खरा दोर ताणलेला असतो, म्हणून दोन्ही हातांतले अंतर पकड बदलेपर्यंत तेवढेच राहते आणि जोर पायांतून, टाचांतून वर येतो. बहुतेक संघांचा दोर रबराचा असतो, दर खेपेला त्याची लांबी बदलते.

दुसरी गोष्ट स्थिर बिंदूची. भिंतीला हात टेकला की तो तळवा हवेत त्या जागी थांबला पाहिजे आणि बाकीचे शरीर त्याच्याभोवती फिरले पाहिजे. टेकण्याच्या क्षणी हाताला सूक्ष्म धक्का बसतो, बोटे पसरतात आणि मग ताण सुटतो. एवढे झाले की प्रेक्षकाला भिंत दिसते आणि पुढची पाच मिनिटे ती तेथेच असल्याचे तो लक्षात ठेवतो. तो लक्षात ठेवतो आणि नट विसरतो, हा आपल्याकडचा नेहमीचा अपघात आहे. एक मुलगा दार उघडून आत येतो आणि दुसरा काही क्षणांत त्याच दारातून, भिंत फोडल्यासारखा, निघून जातो. मार्सोचे वाऱ्याविरुद्धचे चालणे सर्वांना ठाऊक आहे, त्याची नक्कल शाळेच्या स्नेहसंमेलनातही होते. त्यामागे जागच्या जागी चालण्याची जी पद्धत आहे ती दक्रू आणि फ्रेंच नट जाँ-लुई बारो यांनी 1930 नंतरच्या वर्षांत घासूनपुसून तयार केली होती. पाऊल मागे सरकत असताना धड पुढे जात असल्याचा भास व्हावा यासाठी वजन कोणत्या पायावर आणि कधी जायचे, याचा तो हिशेब आहे.

आणि तिसरी गोष्ट निरीक्षणाची. भाकरी करणारी बाई दाखवायची म्हटली की मुली टाळ्या वाजवल्यासारखे हात हलवतात. प्रत्यक्षात ती परातीत पीठ मळते तेव्हा मनगटाचा भाग दाबत पुढे जातो. थापताना एका हाताची बोटे थापतात आणि दुसरा हात भाकरीची कड सांभाळत तिला फिरवत ठेवतो. मग दोन्ही तळव्यांवर अलगद उचलून, पिठाची बाजू वर ठेवून ती तव्यावर टाकते, वरून पाण्याचा हात फिरवते आणि वाफेपासून हात झटकन मागे घेते. मध्येच मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळावरचे केस सारते, कारण बोटे पिठाची असतात. हे शेवटचे केस सारणे ज्या मुलीला सुचले तिने गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिला चुलीच्या जाळाचा आवाज ट्रॅकवर लागत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर बसलेला माणूसही असाच आहे. त्याचे अर्धे शरीर बसलेले आणि अर्धे उभे असते, एक पाय जाण्यायेण्याच्या वाटेत टेकू देत असतो, शेजाऱ्याच्या खांद्याला टेकायचे नाही याची लाज आणि टेकल्याशिवाय भागत नाही याची अडचण एकाच वेळी त्याच्या अंगात दिसते. मुंबईतल्या महाविद्यालयाने यावर पाच मिनिटे उभी केली तर ‘पुढील स्टेशन’ ही उद्घोषणा वाजवायची गरजच पडणार नाही.

हे सगळे फ्रान्समधून आणायला हवे असेही नाही. नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (भावाचा) असे चार भाग केले आहेत. त्यांतल्या आंगिकात मस्तकाचे 13 आणि दृष्टीचे 36 प्रकार सांगितले आहेत, एका हाताच्या 24 आणि दोन्ही हातांच्या 13 मुद्रा सांगितल्या आहेत. ऋतू, पहाट, वारा, ऊन अशा गोष्टी अंगाने कशा दाखवाव्यात यासाठी चित्राभिनय नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात धावणारा रथ, झाडांना घातले जाणारे पाणी आणि शकुंतलेला छळणारा भुंगा या तिन्ही गोष्टी अभिनयाने दाखवाव्यात, अशाच रंगसूचना आहेत. आपला ट्रॅक करतो काय, तर वाचिक अभिनयाला मागच्या दाराने आत घेतो आणि आंगिकाला विंगेत बसवतो.

केरळच्या कूडियाट्टम या संस्कृत नाट्यपरंपरेत रावण कैलास उचलतो तो भाग आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. अम्मन्नूर माधव चाक्यार (1917–2008) या नटाचे हे काम फार नावाजले गेले. आधी डोळे तो पर्वत पाहतात, पायथ्यापासून शिखरापर्यंत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि त्या नजरेनेच पर्वत मोठा होत जातो. मग हात त्याच्या मुळाशी शिरतात, तो हलतो, उचलला जातो, वर फेकला जातो आणि झेलला जातो. मंचावर एक नट आणि मागे मिळावू नावाचे तांब्याचे मोठे वाद्य, एवढीच सामग्री. येथे संगीत आहे, आणि भरपूर आहे. म्हणून माझ्या पत्राचा अर्थ ‘संगीत बंद करा’ असा घेतला जाऊ नये. फरक असा की मिळावू वाजवणारा नटाकडे पाहत असतो. नटाची भुवई उचलली जाईपर्यंत तो थांबतो, नटाला एखादा क्षण ताणावासा वाटला तर तो त्याच्याबरोबर ताणतो. आपल्या बैठकीच्या लावणीतही ओळ तीच राहते आणि दर आवर्तनाला अदा बदलते. पद्मश्री यमुनाबाई वाईकरांनी एकाच ओळीतून किती अर्थ काढले हे ज्यांनी पाहिले त्यांना वादक आणि अदाकार यांच्यातल्या त्या देवाणघेवाणीबद्दल वेगळे सांगावे लागणार नाही. जव्हार, मोखाडा, सुरगाणा या भागांतल्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवात तोंडावर जड मुखवटा चढलेला असतो, चेहरा पूर्ण झाकलेला असतो, आणि ते सोंग देवाचे आहे की राक्षसाचे हे संबळाच्या तालावर पडणाऱ्या त्याच्या पावलांवरूनही ओळखू येते. तेथेही संबळवाला सोंगाकडे पाहून वाजवतो. पेनड्राइव्हमधला ट्रॅक कोणाकडेच पाहत नाही. मुलगा अर्धा सेकंद उशिरा पडला तरी गोळी आधी सुटलेली असते, आणि म्हणून आपली मुले मंचावर अभिनय करताना मनात आकडे मोजत असतात. त्यांच्या डोळ्यांत ते दिसते.

समूहाच्या शरीराबाबत तर मराठी रंगभूमीने स्वतःच धडा घालून ठेवला आहे. 1972 मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना यांतून ब्राह्मणांची जी मानवी भिंत उभी राहिली, ती डोलते, पाठ फिरवते, फुटते, पुन्हा जुळते आणि शहराचा ढोंगीपणा एक शब्द न बोलता दाखवते. ते मूकनाट्य नव्हते, गाणे आणि संवाद यांनी ते भरलेले होते. तरीही पन्नास वर्षांनी लोकांना आठवते ती भिंत. सहा मुलांच्या संघाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि बरेच संघ शरीरांचे दार, झाड, नाव करतातही. पण दार झालेली दोन मुले नुसती उभी राहतात. कोण आत येतो आहे हे त्या दाराला कळले पाहिजे, असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

एक बाजू आपल्या नियमावल्यांत पूर्णपणे सुटली आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशात 50 लाखांहून अधिक लोकांना श्रवणदोष आहे. शब्दांवाचून चालणारी ही एकमेव नाट्यस्पर्धा कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी सर्वांत मोकळी असायला हवी होती, आणि ट्रॅकने नेमकी तीच त्यांच्यासाठी बंद केली आहे. ज्याला घंटा, भोंगा आणि गोळी ऐकू येत नाही त्याला प्रेक्षक म्हणून गोष्ट कळत नाही आणि कलाकार म्हणून ट्रॅकवर प्रवेश घेता येत नाही. सांकेतिक भाषा आणि मूकाभिनय यांची सरमिसळ मी करीत नाही. सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे आणि ती माईम नव्हे. परंतु लहानपणापासून डोळ्यांनीच जग वाचणारा विद्यार्थी संघात असेल तर हालचालीतली लबाडी तो सर्वांत आधी पकडेल, अशी माझी खात्री आहे.

मला अपेक्षित असलेल्या दोन आक्षेपांना येथेच उत्तर देतो. पहिला असा की महोत्सवाचे सभागृह म्हणजे शिट्ट्या, आरोळ्या आणि ढोल, तेथे शांत मूकाभिनय टिकणार कसा. यात तथ्य आहे, आणि त्याचा उपाय संयोजकांच्याच हातात आहे. लोकनृत्य आणि मूकाभिनय एकाच मंचावर पाठोपाठ ठेवू नयेत, मूकाभिनयाला छोटे सभागृह आणि सकाळची वेळ द्यावी, शेवटच्या रांगेपर्यंत पाऊल दिसेल अशी बैठक असावी. शिवाय आवाजाने आवाज दाबायचा प्रयत्न केला की सभागृह अधिकच ओरडते, हा अनुभव सर्वांना आहे. दुसरा आक्षेप असा की राष्ट्रीय पातळीवर ट्रॅक चालतो, मग आमच्याच मुलांनी हात बांधून का घ्यावेत. माझा अंदाज उलटा आहे. ज्या संघाचे शरीर तयार आहे त्याला ट्रॅक केव्हाही जोडता येतो, पण ज्याची तयारी ट्रॅकपुरतीच आहे त्याची ध्वनियंत्रणा ऐन वेळी बंद पडली की गोष्टही बंद पडते. असे घडलेले आपण सर्वांनी पाहिले आहे आणि ‘तांत्रिक अडचण’ म्हणून त्या संघांना दुसरी संधीही दिली आहे. मूकाभिनयाला ध्वनीची तांत्रिक अडचण येऊ शकते, ही गोष्ट आपल्याला विचित्र वाटू नये याचे मला नवल वाटते.

आता मागण्या. येत्या शैक्षणिक वर्षापासून विद्यापीठीय फेऱ्यांत मूकाभिनयाच्या ट्रॅकमध्ये बोललेला शब्द, शब्द असलेले गाणे आणि घटना सांगणारे ध्वनिपरिणाम यांना परवानगी नसावी. हे एकदम कठीण वाटत असेल तर निदान पहिल्या फेरीत परीक्षकांनी प्रत्येक संघाचे सादरीकरण संपूर्ण शांततेत पाहावे आणि अंतिम फेरीत साथीला मुभा द्यावी. प्रत्यक्ष वाजवणाऱ्या एक-दोन वादकांना प्रोत्साहन द्यावे आणि त्यांना नट दिसतील अशा जागी बसवावे. अशाने ढोलकी, संबळ, खंजिरी वाजवणारी मुले या स्पर्धेत येतील, जी आज लोकवाद्यवृंदापुरतीच उरली आहेत.

गुणांपैकी निम्मे तरी शरीराला मिळावेत. वस्तूचे वजन आणि आकार टिकतो का, आखलेली जागा सर्व कलाकारांच्या लक्षात राहते का, पात्र बदलल्यावर चाल, श्वास आणि उभे राहणे बदलते का, समूह एकमेकांकडे न पाहता एकत्र हलतो का, आणि थांबल्यावर खरोखर थांबतो का, एवढे पाच प्रश्न परीक्षकांच्या कागदावर छापले तरी पुरे. गोष्ट आणि कल्पना यांना उरलेले गुण द्यावेत. रंगभूषेचा स्वतंत्र निकष काढून टाकावा. ज्यांच्या पात्राला पांढरा चेहरा हवा ते लावतीलच. राष्ट्रीय नियमावलीतही असा बदल व्हावा यासाठी राज्यातल्या विद्यापीठांनी एकत्रितपणे भारतीय विद्यापीठ संघाला लिहावे.

परीक्षकांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो आणि त्यात मीही आलो. एकांकिकेचा चांगला परीक्षक मूकाभिनयाचा चांगला परीक्षक असतोच असे नाही. आपण संहिता वाचायला सरावलेले लोक आहोत, त्यामुळे ‘विषय छान मांडला’ या वाक्यावर आपले बहुतेक अभिप्राय संपतात. पुण्याचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग यांनी स्पर्धेआधी परीक्षकांसाठी आणि संघांच्या दिग्दर्शकांसाठी एकत्र कार्यशाळा घ्याव्यात. त्यात कथक किंवा भरतनाट्यम शिकवणारे एक गुरू, एक बोहाड्याचे सोंग घेणारे कलाकार आणि शक्य झाल्यास कोलकात्याहून मूकाभिनयाचे एखादे प्रशिक्षक असावेत. बंगालमध्ये जोगेश दत्त आणि निरंजन गोस्वामी यांनी मूकाभिनयाच्या स्वतंत्र संस्था उभ्या केल्या, गोस्वामींच्या ‘इंडियन माईम थिएटर’ला 1976 पासूनची परंपरा आहे आणि 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे एवढी मोठी नाट्यचळवळ असूनही मूकाभिनय युवक महोत्सवाच्या पाच मिनिटांपलीकडे गेला नाही, हे लक्षात घेता त्यांच्याकडून शिकायला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालयांना या स्पर्धेचे निमंत्रण जावे, सभागृहात पुढच्या रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात आणि निकालानंतरच्या चर्चेला भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषा असावा. त्यांपैकी एका-दोघांना परीक्षकांबरोबर बसवून ‘तुम्हाला गोष्ट काय कळली’ एवढेच विचारावे आणि ते उत्तर संघाला कळवावे. याला खर्च जवळजवळ नाही.

पुढील वर्षीच्या महोत्सवाचे परिपत्रक काढण्यापूर्वी मूकाभिनयाचे दिग्दर्शक, परीक्षक आणि मागील काही वर्षांतले विद्यार्थी कलाकार यांची एक बैठक आपण बोलवावी, ही विनंती. त्या बैठकीत मागील वर्षीच्या विजेत्या संघांची चित्रफीत आधी आवाजासह आणि मग आवाज बंद करून दाखवावी, आणि दुसऱ्या खेपेला प्रत्येकाने आपल्याला जी गोष्ट दिसली ती कागदावर लिहून द्यावी. नवीन निकषांचा मसुदा त्या कागदांवरून तयार करता येईल, आणि त्या कामासाठी मी माझ्या खर्चाने कोणत्याही विद्यापीठात यायला तयार आहे.

आपला,
महाविद्यालयीन संघांचे मूकाभिनय बसवणारा एक प्रशिक्षक